संघ शहरात परतला, पण बिल कोणाच्या नावावर?

एप्रिल २०१७ मध्ये लागोपाठच्या दोन रात्री अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या खेळवेड्यांनी दोन इमारतींना निरोप दिला. रविवारी, ९ तारखेला, रेड विंग्ज या आइस हॉकी संघाने नदीकाठच्या जो लुई अरीनामधला आपला शेवटचा सामना जिंकला. सोमवारी, १० तारखेला, पिस्टन्स हा बास्केटबॉल संघ शहरापासून पन्नासेक किलोमीटर उत्तरेला, ऑबर्न हिल्समधल्या ‘पॅलेस’मध्ये वॉशिंग्टन विझर्ड्सकडून १०५-१०१ असा हरला आणि त्या इमारतीतलं एनबीए तिथेच संपलं. त्या मोसमात पिस्टन्सना प्लेऑफसुद्धा गाठता आली नव्हती. तरी लोक कपाटातल्या जुन्या जर्सी चढवून आले आणि जुन्या खेळाडूंसाठी घसा बसेपर्यंत ओरडले.

दोन्ही संघ आता डेट्रॉइटच्या डाउनटाउनमधल्या एकाच नव्या अरीनात खेळणार होते. या दोन निरोपांना मिळालेली वागणूक मात्र सारखी नव्हती. ‘जो’साठी हळहळणं हे शहरावरच्या प्रेमाचं लक्षण मानलं गेलं. पॅलेससाठी हळहळणाऱ्याला लगेच ऐकवलं जाई की, उपनगरवाल्यांना दुःख आहे ते सोपं पार्किंग गेल्याचं. संघ आपल्या घरी चाललाय, आनंद माना. मी स्वतः बरीच वर्षं याच उपनगरांत राहतो, तेव्हा माझ्या मतालाही पार्किंगचा वास येणार हे गृहीत धरूनच लिहितो. संघ शहरात असावा की उपनगरात, हा वाद मालकांच्या सोयीचा आहे आणि म्हणूनच तो इतक्या जोमाने पेटवला जातो. करदात्याने आणि प्रेक्षकाने विचारायचं ते वेगळंच आहे. इमारतीचा पैसा कोणी दिला? ज्याच्याकडे गाडी नाही तो तिथे पोचतो का? आणि संघ उठून गेला की मागचं कोण निस्तरतं? या हिशेबाला बसलं की पॅलेस लोक म्हणतात तितकं वाईट ठरत नाही, आणि शहरातला नवा अरीना सांगितला जातो तितका पुण्यवान ठरत नाही.

पिस्टन्स हा तसा फिरस्ता संघ. मूळचा इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेनचा. १९५७ मध्ये डेट्रॉइटला आला. आधी ऑलिम्पिया, मग नदीजवळचा कोबो अरीना. १९७४ मध्ये काचेच्या धंद्यातले उद्योगपती बिल डेव्हिडसन यांनी तो विकत घेतला आणि १९७८ मध्ये उचलून पॉन्टिॲकच्या सिल्व्हरडोममध्ये नेला. सिल्व्हरडोम म्हणजे ऐंशी हजारांचं अमेरिकन फुटबॉलचं स्टेडियम, वर हवेच्या दाबावर तरंगणारं कापडी छप्पर. बास्केटबॉलला ते अगदीच अंगापेक्षा मोठं. मार्च १९८५ मध्ये बर्फाच्या वजनाने ते छप्परच फाटलं आणि पिस्टन्सना उरलेल्या मोसमापुरता जो लुईचा आसरा घ्यावा लागला. त्यानंतर डेव्हिडसननी स्वतःचं घर बांधायचं ठरवलं, ते १९८८ मध्ये उभं राहिलं. तेच हे पॅलेस.

खर्च दहा कोटी डॉलरच्याही आत, आणि सगळा खासगी. अमेरिकेत व्यावसायिक संघाचं मैदान सार्वजनिक पैसा न घेता उभं राहणं तेव्हाही अपवादच होता, आज तर विचारूच नका. त्यात १८० लक्झरी सूट होते, म्हणजे सामना बघायला भाड्याने मिळणाऱ्या ऐषारामी खासगी खोल्या. तेव्हा लोकांनी हसून घेतलं, एवढे सूट भाड्याने घेणार कोण म्हणून. ते भरले. वर ते छताखाली टांगून न ठेवता मैदानाच्या बऱ्यापैकी जवळ आणले होते. पुढे देशभर जे अरीना झाले त्यांनी ही नक्कल केली, आणि त्या नक्कलेनेच १९८८ ची सगळी पिढी म्हातारी करून टाकली. त्याच वर्षी मायामी, शार्लट, मिलवॉकी आणि सॅक्रामेंटोलाही नवे अरीना उघडले होते. आज त्या पाचांपैकी एकही उभा नाही. काँक्रीटचं आयुष्य तीस वर्षांत संपत नसतं. संपलं ते सूटचं अर्थकारण.

सलग २९ वर्षं पॅलेसला कोणत्याही कंपनीचं नाव लागलं नाही, हेही डेव्हिडसनांचंच. जाहिरातीच्या बदल्यात भिंतीवरचं नाव विकायची चाल रुळत असताना हा माणूस नुसतं ‘द पॅलेस’ म्हणत राहिला. पत्त्याची गंमत तर प्रत्येक चाहत्याला पाठ. रस्त्याचं नाव चॅम्पियनशिप ड्राइव्ह आणि घर क्रमांक म्हणजे जिंकलेल्या अजिंक्यपदांची संख्या. शेवटी तो सहावर पोचला. त्यातली तीन पिस्टन्सची, १९८९, १९९० आणि २००४ ची. उरलेली तीन डेट्रॉइट शॉक या महिला संघाची, २००३, २००६ आणि २००८ ची. निरोपाच्या लेखांत या दुसऱ्या तिघांचा उल्लेख करायला भले भले विसरले. २००३ च्या निर्णायक सामन्याला २२,०७६ माणसं आली होती, पॅलेस काठोकाठ. आणि २००६ चा निर्णायक सामना पॅलेसमध्ये होऊ शकला नाही, कारण त्या रात्री तिथे मरायह कॅरीचा कार्यक्रम आधीच ठरलेला होता. अजिंक्यपदासाठी खेळणाऱ्या बायकांना गाशा गुंडाळून जो लुईला जावं लागलं. खासगी मालकी म्हणजे सद्गुणांचा पुतळा, असं कोणाला वाटत असेल तर त्याने ही रात्र आठवावी.

आठवणी मात्र खऱ्या. आयझाया थॉमस, जो डुमार्स, बिल लॅमबियर, डेनिस रॉडमन यांची ‘बॅड बॉइज’ टोळी इथे खेळली. १९८९ आणि १९९० ची अजिंक्यपदं मात्र परक्या मैदानावर, लॉस एंजेलिस आणि पोर्टलंडला, हाती आली. घरच्या लाकडावर करंडक उचलला तो एकदाच, १५ जून २००४ ला, लेकर्सचा ४-१ असा फडशा पाडून. त्या संघात नावाजलेला तारा एकही नव्हता. चॉन्सी बिलप्स, रिप हॅमिल्टन, टेशॉन प्रिन्स, रशीद वॉलेस, बेन वॉलेस. मोटारीच्या कारखान्यात पाळी करून आलेल्या माणसाला हा संघ आपला वाटला यात नवल नाही. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला याच इमारतीत इंडियाना पेसर्सचे खेळाडू प्रेक्षकांत घुसले आणि जी हाणामारी झाली, ती जगभर दाखवली गेली. पॅलेसचं नाव काढलं की पुष्कळांना फक्त तेवढंच आठवतं. शेजारच्या माणसाला गुंड म्हणून ओळखलं जावं आणि आपण त्याच्याशी वीस वर्षं मीठभाकरीचा व्यवहार केलेला असावा, तसं काहीसं इथल्या लोकांचं त्या बाबतीत होतं.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही.

डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० मध्ये साडेअठरा लाख होती. २०१० च्या जनगणनेत ती सात लाख चौदा हजारांवर आली. जी माणसं गेली त्यातली बहुतेक गोरी, आणि ती गेली एट माइल रोडच्या पलीकडे. हा रस्ता म्हणजे शहराची उत्तर सीमा. १९४१ मध्ये त्याच्याजवळ एका बिल्डरने काळ्या आणि गोऱ्या वस्तीच्या मध्ये चक्क भिंत घातली, कारण त्याशिवाय त्याच्या घरांना सरकारी कर्जहमी मिळत नव्हती. ती भिंत अजून उभी आहे. माणसांमागोमाग दुकानं गेली, कचेऱ्या गेल्या, आणि संघही गेले. पॅलेस उभं राहिलं ते ओकलंड काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं), जी तेव्हा देशातल्या सधन काउंट्यांत मोडत होती. जर्सीवर नाव डेट्रॉइटचं, उद्घोषक आरोळी ठोकणार ‘डीट्रॉइट बास्केटबॉल’, आणि समोर टाळ्या पिटणाऱ्यांतल्या कित्येकांनी वर्षानुवर्षं डेट्रॉइटमध्ये पाऊल टाकलेलं नाही. डेट्रॉइटमधल्या काळ्या चाहत्याने याला काय म्हणावं? त्याच्या शहराचं नाव वापरायला हरकत नव्हती, त्याच्या शहरात खेळायला होती. तो राग मला समजतो, आणि तो खोटा आहे असं मी कधीच म्हणणार नाही.

पॅलेसला जायचं म्हणजे गाडी हवीच. मुंबईच्या उपनगरांचं चित्र डोळ्यांपुढे आणू नका, इथे लोकल नाही. आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, एकदा हिवाळ्यात आले होते, त्यांना मी सामन्याला नेलं. खेळ त्यांना तासाभरात कळला, आवडलाही. कळलं नाही ते बाहेरचं. दारातून बाहेर पडल्यावर त्यांनी चहाची टपरी शोधावी तशी चौफेर नजर फिरवली. समोर नुसत्या गाड्या. रस्त्यावर टाकलेल्या मिठाने सगळ्या एकाच पांढुरक्या रंगाच्या झालेल्या, त्यांच्या पलीकडे लापिअर रोड, त्याच्या पलीकडे हायवे आणि मग काळोख. गाडीत बसल्यावर पाऊण तास आम्ही लाल ब्रेकलाइटच्या रांगेत हललो नाही. अण्णा म्हणाले, “अरे, एवढी माणसं आली, पण यातलं कोणी कोणाला भेटलं का?” वानखेडेवरून चर्चगेटपर्यंत गर्दीबरोबर चालत जाणाऱ्या माणसाचा तो प्रश्न होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणजे उपनगरी अरीनावरची टीका बरोबरच आहे. पण तिच्यावरून ‘मग शहरात बांधला की झालं’ या निष्कर्षावर जी उडी मारली जाते, ती मला मान्य नाही. त्या उडीत पैसा दिसेनासा होतो.

डेट्रॉइट महापालिकेने १८ जुलै २०१३ ला दिवाळखोरीचा अर्ज केला. अमेरिकेच्या इतिहासातलं कोणत्याही शहराचं सर्वांत मोठं दिवाळं. पोलीस आणि अग्निशमन दल सोडून बाकीच्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या पेन्शनला पुढे साडेचार टक्के कात्री लागली, महागाईवाढ गेली ती वेगळीच. आणि अर्ज दाखल होऊन आठवडा होतो न होतो तोच मिशिगन राज्याच्या मंडळाने डाउनटाउनमधल्या नव्या अरीनासाठी सार्वजनिक मदतीला हिरवा कंदील दाखवला. तोच लिटल सीझर्स अरीना, सप्टेंबर २०१७ मध्ये उघडलेला, पिझ्झाच्या साखळीचं नाव लावलेला. या साखळीचे आणि रेड विंग्जचे मालक एकच, इलिच कुटुंब. एकूण खर्च सुमारे ८६ कोटी डॉलर, त्यातले ३२ कोटींहून अधिक सार्वजनिक. पिस्टन्सही येणार असं ठरल्यावर त्यांच्या सोयीच्या फेरफारांसाठी २०१७ मध्ये नगरपरिषदेने सुमारे साडेतीन कोटींच्या तजविजीला मान्यता दिली.

हा पैसा कुठून आला ते समजून घेण्यासारखं आहे, कारण इथेच सामान्य माणसाला गंडवलं जातं. कोणाच्या खिशातून थेट कर काढला नाही, असं सांगतात, आणि शब्दशः ते खरंही आहे. डाउनटाउनमधल्या मालमत्ता कराच्या वाढीचा हिस्सा तिथलं विकास प्राधिकरण आपल्याकडे वळवून घेतं आणि त्यातून रोख्यांची परतफेड करतं. वळवलेल्या त्या करात एरवी शाळांकडे गेला असता असा भाग आहे. शाळांना राज्य ते भरून देणार, म्हणजे तोटा शाळेच्या वहीतून उचलून राज्याच्या वहीत टाकला. वही बदलली म्हणून खर्च नाहीसा होत नाही. मिशिगनच्या वरच्या टोकाला राहणारा, आयुष्यात बास्केटबॉल न पाहिलेला लाकूडतोड्यासुद्धा आता या अरीनाचा भागीदार आहे, फक्त नफ्यात नाही.

बदल्यात आश्वासन होतं ते भोवतालच्या पन्नास ब्लॉकमध्ये पाच नव्या वस्त्यांचं. घरं, दुकानं, रस्त्यावर वर्दळ. अरीना वेळेवर झाला. वस्त्यांच्या जागी वर्षानुवर्षं पार्किंगचे पट्टे राहिले. म्हणजे ज्या पार्किंगच्या समुद्रावरून पॅलेसला नावं ठेवली, तोच समुद्र डाउनटाउनमध्ये आला, आणि या वेळी तिकिटाच्या वर वेगळे पैसे मोजून. खुर्च्यांचं काय झालं हेही ऐका. सुरुवातीच्या मोसमांत लिटल सीझर्समधल्या रिकाम्या लाल खुर्च्या टीव्हीवर इतक्या उठून दिसत की मालकांनी त्या काढून काळ्या बसवल्या. काळ्या खुर्चीत माणूस नाही हे कॅमेऱ्याला कळत नाही. त्या वेळच्या संघाचा खेळ बघता माणसं का येत नव्हती याचं कारण खुर्चीत शोधायची गरज नव्हती, पण ते असो.

तरीही कोणी म्हणेल, शहराला अरीनातून जीव मिळतो. क्रीडा अर्थशास्त्र शिकवणाऱ्यांमध्ये एकमत व्हावं असे विषय फार थोडे, आणि हा त्यातला एक आहे. मैदानांना दिलेला सार्वजनिक पैसा परत येत नाही. जो माणूस सामन्याला शंभर डॉलर खर्चतो, तो बहुधा तेच शंभर डॉलर त्याच परगण्यात सिनेमा, हॉटेल, बोलिंग यांवर खर्चणार होता. पिस्टन्सच्या बाबतीत तर हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. संघ नवा आला नाही, पन्नास किलोमीटर सरकला. ऑबर्न हिल्सच्या बारमधला ग्लास वुडवर्ड अॅव्हेन्यूच्या बारमध्ये गेला.

सार्वजनिक पैशाने बांधलं की काय होतं याचा धडा पॅलेसपासून काही मैलांवर होता, डोळ्यांसमोर. सिल्व्हरडोम पॉन्टिॲक या छोट्या शहराने १९७५ मध्ये साडेपाच कोटींहून जास्त डॉलर घालून बांधला. १९८८ मध्ये पिस्टन्स गेले. २००२ मध्ये लायन्स हा फुटबॉल संघ डेट्रॉइटमधल्या फोर्ड फील्डला गेला. मागे राहिलं ते स्टेडियम आणि त्याचं वीजबिल. मोटारधंद्याच्या मंदीत पॉन्टिॲकची तिजोरी आटली, राज्याने प्रशासक नेमला आणि २००९ मध्ये ऐंशी हजार खुर्च्यांचा हा डोलारा ५ लाख ८३ हजार डॉलरला लिलावात गेला. इथल्या चांगल्या वस्तीतलं एक घर त्याहून महाग असतं. ३ डिसेंबर २०१७ ला तो स्फोटाने पाडायचा बेत केला, तर स्फोट झाले आणि इमारत जागची हलली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुंग लावून पाडावा लागला. पॅलेस मात्र २०१९ मध्ये २ कोटी २० लाख डॉलरला विकलं गेलं आणि ११ जुलै २०२० ला स्फोटाने जमीनदोस्त झालं. तोटा झाला असेल तर मालकाचा झाला. ऑबर्न हिल्सच्या रहिवाशांच्या डोक्यावर रोख्यांचं ओझं आलं नाही, पेन्शन कापली गेली नाही. उपनगरी चाहत्याच्या हळहळीत हा मुद्दा कोणी फारसा मोठ्याने मांडला नाही याचं मला वाईट वाटतं. ‘आमच्या आठवणी होत्या हो’ एवढंच तो म्हणत राहिला आणि हसण्यावारी गेला. त्याच्या हातात त्याहून भक्कम कागद होता.

मालक कुठलीही जागा आईसारखी मानत नाहीत, हे बघायचं असेल तर त्या शेवटच्या रात्रीचा पाहुणा संघच बघा. वॉशिंग्टन विझर्ड्स. हा संघ १९७३ पासून मेरीलंडमधल्या लँडओव्हरच्या कॅपिटल सेंटरमध्ये, म्हणजे उपनगरात खेळायचा. १९९७ मध्ये तो राजधानीच्या मधोमध आला आणि शहरात परतण्याचा आदर्श म्हणून मिरवला गेला. डिसेंबर २०२३ मध्ये त्याच्या मालकाने व्हर्जिनियाच्या गव्हर्नरच्या शेजारी उभं राहून जाहीर केलं की संघ आता नदीपलीकडे अलेक्झांड्रियाला जाणार. तिथल्या सिनेटने सार्वजनिक पैसा द्यायला नकार दिला, मार्च २०२४ मध्ये बेत बारगळला, आणि वॉशिंग्टन शहराने ५१ कोटी ५० लाख डॉलर मोजून संघ ठेवून घेतला. शहर, उपनगर, पुन्हा शहर. पत्ता ही बोली लावायची वस्तू आहे. आपण तिच्यात इतिहास, वर्ण, अस्मिता, पश्चात्ताप असं सगळं ओततो आणि मालक त्याचा भाव वाढवून घेतो.

आपल्याकडे हे नवं नाही. क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांच्यात ब्रेबॉर्नवरच्या जागांच्या वाटपावरून बिनसलं म्हणून हाकेच्या अंतरावर वानखेडे उभं राहिलं. पुण्यात महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशन आणि महापालिका यांचं नेहरू स्टेडियमच्या तिकिटांवरून फाटलं आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट स्वारगेटच्या कोपऱ्यावरून उठून एक्स्प्रेसवेच्या कडेला गहुंज्याला गेलं. पुणेकर प्रेक्षकाला विचारलं होतं का कोणी? त्याला आपलं सांगण्यात आलं, आता इथे या.

राहिला तो बसचा प्रश्न, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच होता. ८ नोव्हेंबर २०१६ ला डेट्रॉइट परिसरातल्या चार काउंट्यांमध्ये एकत्रित सार्वजनिक वाहतुकीसाठी कर बसवण्यावर मतदान झालं. प्रस्ताव पडला, ओकलंडमध्ये तर अगदी थोडक्यात. त्यानंतर बरोबर दोन आठवड्यांनी, २२ नोव्हेंबरला, पिस्टन्स शहरात परतत असल्याची घोषणा झाली. तिथे भाषणं झाली ती शहर आणि उपनगर यांना जोडण्याची. ज्या प्रस्तावाने शहरातल्या कामगाराला उपनगरातल्या कामावर आणि उपनगरातल्या म्हातारीला शहरातल्या इस्पितळात नेलं असतं, तो पंधरा दिवसांपूर्वी चाळीस-पन्नास वर्षांच्या जुन्या संशयापोटी बुडाला होता. संघाने एट माइल ओलांडली, बसने नाही. २०१७ च्या मे महिन्यात वुडवर्डवर क्यू-लाइन नावाची ट्राम सुरू झाली, ती जेमतेम पाच किलोमीटर धावते. तिच्यात बसून पॉन्टिॲकचा पोरगा सामन्याला येणार नव्हता. ओकलंडमध्ये सगळ्या गावांना एकत्र बांधणारा वाहतूक कर मंजूर झाला तो नोव्हेंबर २०२२ मध्ये. त्यात ना कोणी खेळाडू होता, ना आतषबाजी. जोडण्याचं काम त्या मतदानाने जितकं केलं तितकं कोणत्याही अरीनाने केलेलं मला तरी दिसलेलं नाही.

चाहत्याच्या दुःखाकडे मी टर उडवण्यासारखी गोष्ट म्हणून बघत नाही. माझ्या ओळखीतल्या कितीतरी मराठी कुटुंबांची अमेरिकेतली पहिली मोठी गर्दी पॅलेसची होती. ट्रॉय, नोव्हाय, रोचेस्टर हिल्समध्ये राहणारे, पुण्याच्या मोटार कंपन्यांतून इथल्या मोटार कंपन्यांत आलेले इंजिनियर. ऑफिसातून कोणीतरी वरच्या मजल्याची तिकिटं स्वस्तात आणायचं, पोरांना घेऊन सगळे निघायचे. इथे जन्मलेल्या त्या पोरांना डेट्रॉइट म्हणजे आधी पिस्टन्स माहीत झालं, शहर नंतर. या माणसांना ‘तुम्ही शहराचे गुन्हेगार’ म्हणून हिणवण्यात अर्थ नाही. डेट्रॉइटमधल्या १९६७ च्या दंगलीत आणि त्याआधीच्या भिंतीत त्यांचा हात नव्हता. त्यांनी फक्त नकाशा जसा मिळाला तसा वापरला. पण त्यांनीही एक गोष्ट मानायला हवी. आपल्याला सोपं असलेलं ठिकाण म्हणजे सगळ्यांना सोपं असलेलं ठिकाण, असा समज त्या पार्किंगमध्ये फार सहज होतो.

क्लीव्हलंडजवळ रिचफील्डला असाच एक उपनगरी अरीना होता, शेतांच्या मध्ये. कॅव्हेलियर्स १९९४ मध्ये तिथून शहरात गेले, १९९९ मध्ये इमारत पाडली आणि जमीन राष्ट्रीय उद्यानात गेली. आज तिथे गवताळ रान आहे, पक्षी बघणारे येतात. ऑबर्न हिल्सच्या जमिनीवर उद्योगधंद्यांचा डोळा होता, त्यामुळे तिथे रान उगवणार नव्हतं. निदान रिकामी पडून सडली तरी नाही. डाउनटाउनमधला अरीना ज्या दिवशी जुना ठरेल, आणि तीस वर्षांत तो ठरेलच, त्या दिवशी काय होणार याचा विचार करून ठेवलेला मला कुठे वाचायला मिळालेला नाही. तो विकास प्राधिकरणाच्या मालकीचा आहे. म्हणजे लोकांच्या.

जून २०२५ मध्ये जाहीर झालंय की डेट्रॉइटला २०२९ पासून पुन्हा महिला बास्केटबॉल संघ मिळणार, पिस्टन्सचे मालक टॉम गोर्स यांच्याच गटाकडे, आणि सामने लिटल सीझर्समध्येच होणार. शॉक २००९ मध्ये तुळसाला निघून गेला तेव्हा त्याला निरोपाचा सामनासुद्धा नशिबी आला नव्हता, त्यामुळे ही बातमी मला आवडली. पण नवा संघ म्हटला की करसवलती आणि जमिनीचे तुकडे मागणारे कागद नगरपरिषदेच्या टेबलावर येतातच. या वेळी सही करण्याआधी दोन आकडे जाहीर सभेत वाचून दाखवावेत एवढीच मागणी आहे. संघ मुदतीआधी उठला तर मालक शहराला किती रक्कम देणार, आणि सामन्याच्या रात्री शेवटची बस एट माइलच्या दोन्ही बाजूंना किती वाजता सुटणार. हे दोन रकाने कोरे असतील तर कागद परत पाठवा.